बारा फुटांनी कायदेशीर

विमान बेकायदा नव्हतं, हेच आमचं खरं दुखणं होतं. बेकायदा असतं तर एका अर्जात काम झालं असतं आणि वीस फुटांचा लाल-पांढरा खांब डोक्यावर घेऊन राहायची वेळ आमच्या घरावर आली नसती.

मी पुस्तकं वाचते. म्हणजे मोठ्यांदा वाचते, मोबाइलवर आवाज भरून घेते आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्या ग्रंथालयाला पाठवते. गेली सहा वर्षं हे काम करते. माझं स्वतःचं शिक्षण मधेच सुटलं, त्यामुळे दहावीचं विज्ञान मी पहिल्यांदा वाचलं तेच दुसऱ्यांसाठी, आणि तेही पंचेचाळिशीनंतर. वाचताना मला मधूनमधून इतकं आश्चर्य वाटतं की ते आवाजात उतरतं. ग्रंथपाल म्हणतात, "ताई, तुमच्यासारखं विज्ञान कोणी वाचत नाही." मी ही स्तुती समजते.

वाचायची वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. त्याआधी गच्चीवरची टाकी भरत असते, ती गुरगुरते. नऊनंतर तळमजल्यावरचा सुतार करवत सुरू करतो. मधले अडीच तास तेवढे माझे. आणि गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकणारी जी मुलं आहेत, त्यांचेही नेमके तेच. सकाळी वारा पडलेला असतो, हवा स्थिर असते. त्यांनाही माझ्यासारखीच शांतता लागते. फरक एवढाच की मी ती मोडत नाही.

"गुरुत्वाकर्षणामुळे वर फेकलेली प्रत्येक वस्तू शेवटी," असं म्हणून मी श्वास घ्यायची, आणि शेवटी काय होतं ते विमान सांगायचं. तेही चुकीचं सांगायचं, कारण ते काही खाली यायचं नाही. घरघरत आमच्या टाकीवरून जायचं आणि दूर कुठेतरी वळायचं. थांबून पुन्हा भरावं तर पुढच्या वाक्यात परतायचं. पाचव्या धड्यात तर माझ्या तोंडून "आलास का बाबा" असं निघून गेलं, आणि ते पुसायचं राहिलं.

आठ धडे पाठवल्यावर ग्रंथपालांचा फोन आला.

"ताई, सगळं उत्तम आहे हं. फक्त प्रत्येक धड्यात एक विमान आहे."

या 'फक्त'नं माझी झोप उडवली. त्यातून ते पुढे म्हणाले, "ती दहावीची मुलगी आहे ना, ती दिवसभर तुमचंच पुस्तक लावून बसते. दोन महिन्यांवर परीक्षा आलीय. राहिलेले चार धडे तेवढे लवकर द्या."

त्या मुलीला मी कधी भेटले नव्हते. पण कानाला हेडफोन लावून बसलेली, माझ्या आवाजावर भरवसा टाकलेली आणि दर धड्यात विमानाखाली सापडणारी एक मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिचे गुण गेले तर ते माझ्या घराच्या छपरावरून जाणार होते. मी जेवताना घरात जाहीर केलं, "विमान बंद झालं पाहिजे."

"अर्ज करू," हे म्हणाले.

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. अर्ज म्हटला की यांच्या अंगात येतं. त्यांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवलेत, त्यामुळे अर्ज कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरीही आमचा अर्ज अडला. अकरा दिवसांनी धावपट्टीच्या कार्यालयातून 'समक्ष भेटावे' असं पत्र आलं.

तिथल्या अधिकारी बाई चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवतात आणि नियम वाचायचा असला तरच तो डोळ्यांवर चढवतात. त्यांनी तो चढवला.

"नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणारं विमान दाट वस्तीवरून नेताना, विमानापासून सहाशे मीटरच्या आत जी सगळ्यात उंच वस्तू असेल, तिच्या माथ्यापासून कमीत कमी हजार फूट वर ठेवायचं. चढताना-उतरताना सूट आहे. पण तुमचं घर धावपट्टीपासून बरंच लांब आहे, तिथे सूट नाही."

"मग झालं तर!" मी म्हटलं. "आमच्यावरून फार खालून जातं."

"किती खालून?"

"दिसतं ना!"

"मावशी," त्यांनी चष्मा उतरवला, "खालून बघणाऱ्या प्रत्येकाला विमान खालीच दिसतं. मोजून आणा, मी कारवाई करते."

विमान मोजायचं कसं, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही घरात अडला असता. आमच्या मधल्या मजल्यावर फूटपट्टीकाका राहतात. ते जमीनमोजणीत होते. निवृत्त झाल्यापासून जमीन हाताशी नाही म्हणून मिळेल ते मोजतात. आमच्या जिन्याची सातवी पायरी पाऊण इंच बुटकी आहे हे या इमारतीत राहून बावीस वर्षांनी आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं, आणि तेव्हापासून सगळे तिथे अडखळतात. विमानाचं नाव काढताच काकांनी घोंगडीत गुंडाळलेली पितळी दुर्बीण बाहेर काढली. कोन मोजायची ती दुर्बीण त्यांनी तिपाईवर अशी चढवली, जणू ते पुन्हा नोकरीवर रुजू झाले होते.

"सोपं आहे वहिनी. समोरच्या छापखान्याची गच्ची आपल्यापासून दोनशे चौदा फूट. साहेब तिथे उभे राहतील. विमान बरोबर त्यांच्या डोक्यावर आलं की त्यांनी फोनवर 'हां' म्हणायचं. मी त्या क्षणी इथून कोन घेतो. बाकी गणित."

गणित सोपंच होतं. 'हां' अवघड होतं.

"हां!" फोनमधून यांचा आवाज यायचा.

"घेतला!" काका ओरडायचे.

"नाही नाही, थांबा, आत्ता हां!"

"अहो साहेब, एका विमानाला एकच हां!"

सहा सकाळी असं चाललं. मान मागे टाकून टाकून यांची मान तशीच अडकली, आणि चार दिवस आमच्या घरात एक माणूस पंख्याकडे बघत जेवत होता. या सगळ्याचा आनंद एकट्या सासूबाईंनी घेतला. त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही. त्या सकाळचं ऊन खायला गच्चीत खुर्ची टाकून बसतात आणि विमान आलं की हात हलवतात. "किती छान दिसतं गं," म्हणतात. "आणि आवाज म्हणून करत नाही."

सातव्या सकाळी आकडा निघाला. काकांनी तो तीनदा तपासला आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला जावं तसे खालच्या आवाजात बोलले.

"तुमच्या टाकीच्या माथ्यापासून एक हजार बारा फूट."

"म्हणजे?"

"नियमात आहे. बारा फुटांनी."

आमची टाकी त्या भागातली सगळ्यात उंच वस्तू आहे, ही एरवी अभिमानाची बाब ठरली असती. त्या दिवशी कुणाला अभिमान वाटला नाही. काका दुर्बिणीचं भिंग पुसत बसले, हे मान वाकडी ठेवून आभाळाकडे बघत राहिले. सासूबाईंना काय झालं ते कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "विमान खाली येत नाही, तर तुम्ही घर वर न्या."

हा टोमणा होता. चाळीस वर्षं त्यांचे टोमणे खाल्लेला त्यांचा मुलगा तो ओळखू शकला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. यांची मान खटकन सरळ झाली. काकांनी भिंग खाली ठेवलं. आणि, कबूल करते, पहिला शब्द माझ्याच तोंडून निघाला.

"खांब."

टाकीच्या माथ्यावर वीस फुटांचा खांब उभा केला की आमची उंच वस्तू वीस फुटांनी आणखी उंच होणार होती. विमान होतं तिथेच राहिलं तरी ते आठ फुटांनी गुन्हेगार ठरणार होतं. इतका स्वच्छ विचार आमच्या घरात त्याआधी कधी कुणी केला नव्हता.

नगरपालिकेत खांबाचा फॉर्म नव्हता. घराचा होता, भिंतीचा होता, विहिरीचा होता. खिडकीतल्या कारकुनानं बराच विचार करून आमचा खांब 'फलक' या सदरात घातला. आठवड्यानं विचारणा आली, 'फलकावरील मजकूर कळवावा.' हे म्हणाले, मजकूर नाही. कारकून म्हणाला, मजकूर नसलेल्या फलकाला परवानगी देता येत नाही. हे घरी येऊन म्हणाले, "माणूस हुशार आहे. आमच्या खात्यात हवा होता." शेवटी कारणाच्या रकान्यात 'वाऱ्याची दिशा पाहणे' असं लिहिल्यावर खांब फलकातून सुटला. पण तपासनीस पाहणीला आले तेव्हा वाऱ्याची दिशा दाखवणारं तिथे काहीच नव्हतं. मग यांच्या जुन्या नारिंगी पायजम्याचा एक पाय कापून टोकाला बांधला. तो लगेच फुगून पूर्वेकडे बघू लागला. तपासनिसांनी सही केली.

तोवर धावपट्टीच्या अधिकारी बाईंना खांबाचा सुगावा लागला. पत्र आलं: विमानांच्या वाटेजवळ उंच वस्तू उभारल्यामुळे ती लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवावी, टोकाला लाल दिवा लावावा. सुतार स्वतः वर चढला आणि रंगवून उतरला. इमारतीपासून लांब जाऊन त्यानं खांबाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण सर्कस आल्यासारखं वाटतंय."

या भानगडीत सहा आठवडे गेले. मुलीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि माझे चार धडे तसेच पडून होते. शेवटी एका सकाळी मी कपाटातले कपडे बाहेर काढले, आत बसले, अंगावर दोन रजया ओढल्या आणि हातात विजेरी घेऊन नववा धडा वाचला. प्रकाशाचं अपवर्तन. घामाच्या धारा लागल्या, पण धडा असा निघाला की काय सांगू! विमान नाही, टाकी नाही, करवत नाही. मी तो लगेच पाठवला. कपाटातून बाहेर आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या.  त्यांनी कपाटाची एक बिजागरी तपासली आणि गेल्या. पुढचे तीन धडे मात्र कपाटात वाचवेनात, श्वास पुरेना. ते मी गच्चीवरच्या खोलीत, विमानासकट, जीव मुठीत धरून उरकले.

इकडे आमची तक्रार रीतसर गेली होती, काकांच्या सहीच्या आकड्यांसह: खांबाच्या टोकापासून नऊशे ब्याण्णव फूट. आठ फूट कमी. आम्ही निकालाची वाट बघत होतो, आणि विमानं वाढली. आधी सकाळी एखाददुसरं यायचं, आता सहा-सहा येऊ लागली. पूर्वी ती सरळ पुढे जायची. आता प्रत्येक विमान थेट आमच्या खांबाकडे यायचं आणि बरोबर डोक्यावर आलं की डावीकडे कलून वळायचं.

आठवड्याभरानं विमान शिकवणारे कॅप्टन स्वतः घरी आले. उंच माणूस, दारात वाकून आत आले. मी मनातल्या मनात माफी स्वीकारायची तयारी करत होते.

"काकू," ते म्हणाले, "तुमचे आभार मानायला आलो."

हे उठून उभे राहिले.

"तुमचं म्हणणं बरोबर होतं. आठ फूट कमी भरत होतं. पत्र आलं त्याच दिवसापासून सगळ्यांना आणखी वीस फूट वरून जायला सांगितलंय."

"वीस?" काकांनी विचारलं. त्यांचे ओठ हलत होते. "म्हणजे पुन्हा एक हजार बारा."

"बरोबर बारा फुटांनी नियमात," कॅप्टन खूश होऊन म्हणाले. "पण आभार त्याचे नाहीत. आमची मुलं खालच्या खुणा बघत उडतात. नदी, पूल, चिमणी, असं. या बाजूला खूणच नव्हती. पोरं भरकटायची. आता त्यांना एकच सांगतो, लाल-पांढरा खांब दिसला की डावीकडे वळा. शिवाय त्या नारिंगी कापडामुळे वाराही कळतो. फार विचार करून लावलंय तुम्ही."

त्यांनी नकाशा उलगडला. त्यावर पेन्सिलीनं एक बारीकसा गोल काढून पुढे लिहिलं होतं, 'खांब'. ज्या घराचा पत्ता पोस्टमनला बावीस वर्षांत धड सापडला नाही, ते घर आता विमान शिकणाऱ्या सगळ्या मुलांना दहा मैलांवरून सापडत होतं. त्या गोलाकडे बघताना मला राग आला की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्यांना चहा केला. दुसरं काय करणार?

जाताना ते म्हणाले, "आणि रोज सकाळी हात हलवणाऱ्या आजी कुठे आहेत? पोरांनी नमस्कार सांगितलाय."

सासूबाईंना हे लिहून दाखवल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्या केस विंचरून गच्चीत जाऊ लागल्या.

परीक्षा पाच दिवसांवर असताना फोन वाजला.

"मावशी, मी तुमचं विज्ञान ऐकणारी."

आवाज माझ्या मनातल्या मुलीपेक्षा बराच खणखणीत होता. मी सोफ्याच्या कडेवर बसले आणि मनाशी घोकलेली माफी एका दमात म्हणून टाकली. विमानं, टाकी, अर्ज, सगळं.

"अहो नाही! मी नवव्या धड्यासाठी फोन केलाय. त्यात विमानच नाही."

"हो," मी नम्रपणे म्हटलं. "तो मी कपाटात बसून वाचला."

"मग मला तो पाठच होत नाही ना! पहिल्या धड्यात व्याख्या झाली की विमान येतं. तिसऱ्यात दोन नियमांच्या मधे येतं. पाचव्यात तुम्ही 'आलास का बाबा' म्हणता, त्याच्या पुढचं सूत्र. पेपरमधे प्रश्न आला की मी आधी विमान आठवते, मग त्याच्या आजूबाजूला चाचपते. सापडतं. सगळे धडे असे पाठ झालेत. नववा नुसता सपाट आहे. कुठे पकडायला काही नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "ग्रंथपालकाकांना मी म्हटलं होतं, प्रत्येक धड्यात एक विमान आहे, त्यांना सांगा. त्यांनी सांगितलं नाही का?"

"सांगितलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी मोबाइल आणि पुस्तक घेऊन थेट गच्चीत गेले. धुकं! खांबसुद्धा अर्ध्यापर्यंतच दिसत होता. नऊ वाजले, करवत सुरू झाली, विमान आलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या शांततेसाठी मी दोन कार्यालयांचे उंबरे झिजवले, ती शांतता दोन सकाळी फुकट मिळाली आणि मी तिच्यावर दातओठ खात बसले. परीक्षा तीन दिवसांवर आली. मी कॅप्टनना फोन लावला.

"काकू, खुणाच दिसत नाहीत, उडणार कसे? नजरेच्या भरवशावरचं काम आहे."

"उद्या धुकं निघालं तर मला एक विमान हवंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. माझ्या आधीच्या अर्जाची प्रत त्यांच्या टेबलावर असणार.

"किती वाजता?"

"अपवर्तनाची व्याख्या संपली की. म्हणजे सात वाजून दहा. आणि एकच. आणि हे बघा, हजार फुटांच्या खाली यायचं नाही."

"काकू," ते म्हणाले, "तुमच्या घरावर कोण खाली येईल?"

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. काका दुर्बीण घेऊन हजर, हे मान सांभाळून छापखान्याच्या गच्चीत उभे, सुतार दोन तास आधीच येऊन जिन्यात बसलेला, सासूबाई केस विंचरून खुर्चीत. मी वाचायला लागले. सात वाजून दहा मिनिटांनी मी म्हटलं, "एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना प्रकाशाची दिशा बदलते, याला प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात," आणि श्वास घेतला.

आलं. लांबून घरघरत, वाढत, बरोबर खांबावर. डावीकडे कललं, पंखावर ऊन चमकलं आणि वळलं. सासूबाईंनी दोन्ही हात हलवले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मेला आज फार खालून गेला गं!"

मी तो शब्द पुसला नाही. पुसायला वेळच नव्हता, आणि खरं सांगायचं तर हातही गेला नाही. "उदाहरणार्थ," मी पुढे वाचलं, "पाण्यात अर्धी बुडवलेली काठी."

परीक्षेच्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"मावशी, अपवर्तन आलं होतं! पाच गुणांना! विमान, मग आजी, मग काठी. सगळं लिहिलं. म्हणजे विमान आणि आजी नाही लिहिल्या." आणि मग जरा काळजीनं, "पण मावशी, त्या आजी म्हणतात ते खरं का? विमान खरंच फार खाली होतं?"

मी शेजारी बसलेल्या काकांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून त्या सकाळच्या मापाची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली.

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "बारा फुटांनी वर होतं."